दीड किलो नवा तांदूळ

भानुदासचं डोकं फिरलं ते एका काचेच्या बरणीपायी. तसा तो तापट, हे मेसमधल्या नव्वदच्या नव्वद माणसांना ठाऊक होतं. पण त्याचा राग दोन मिनिटांचा, चहा ओतून होईपर्यंत गेलेला असायचा. ह्या वेळी जाईना.

परेश सरांनी ती बरणी भोगीच्या दिवशी सकाळी दहाला मेसच्या ओट्यावर आणून ठेवली. गळ्याला सोनेरी फीत, पोटावर इंग्रजी लेबल. म्हणाले, कदिरवेलचा तांदूळ ह्यात भर, झाकण घट्ट लाव आणि वरून टेप मार. भानुदासला वाटलं, ने-आण करायला सोय म्हणून असेल. त्यानं विचारलं, उद्या पोंगल करायच्या वेळी परत काढायचा ना? तर परेश सर हसले.

"शिजवायचा नाही रे तो. डिस्प्लेला आहे. पोंगल आपण स्टोअरमधल्या बासमतीचा करू."

आता हे पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर दीड किलो तांदळासाठी पन्नाशीचा बाप्या एवढा का तडकला ते कळायचं नाही.

हे शेत शारजाच्या पलीकडे, अल धैदच्या वाटेवर. शेत म्हणायचं आपलं. जिकडे बघावं तिकडे पांढऱ्या प्लास्टिकची ग्रीनहाउसं, आत काकड्या आणि टोमॅटो, तेही जमिनीला मुळं न टेकवता पिशवीतल्या भुश्यात वाढणारे. भानुदास औसा तालुक्यातला. आधी नऊ वर्षं त्यानं अल कुसैसच्या एका कॅम्पच्या मेसमध्ये काढली, मग इथं आला त्याला सहा वर्षं झाली. ह्या सहाही वर्षांत खोलीत वरच्या कॉटवर कदिरवेल आणि खालच्या कॉटवर हा. कदिरवेल तंजावरकडचा, काकडीच्या वेलांना दोऱ्या बांधायच्या कामावर. त्याला मराठी येत नव्हतं, ह्याला तमिळ येत नव्हतं. दोघं मिळून जी हिंदी बोलत ती ऐकून लखनौचा माणूस रडला असता.

गेल्या ऑगस्टात कदिरवेल सुट्टीवरून परतला तो पावडरच्या रिकाम्या डब्यात भाताचं बी घेऊन. सहा नंबरच्या ग्रीनहाउसमागे पाण्याची मोठी टाकी आहे. ती रोज थोडी सांडते आणि तिथली जमीन ओलसर राहते. एका खोलीएवढा तो तुकडा. तिथं ह्यानं चिखल केला, रोपं टाकली, मग एकेक रोप उपटून ओळीत लावलं. भानुदासनं सुरुवातीला त्याला खुळ्यातच काढलं. इथं उंटाला चारा विकत आणावा लागतो आणि हा गडी भात लावतोय! पण कदिरवेल चारला ड्यूटी सुटली की तिथं उकिडवा बसायचा. पांढरा खार वर आला की पाणी बदलायचा, चिमण्यांसाठी काकडीची फाटकी जाळी टाकायचा. नोव्हेंबरात लोंब्या धरल्या तेव्हा चेष्टा करणारे सगळे गपचूप एकेकटे जाऊन बघून आले. भानुदास तर चहाचा कप घेऊन रोजच जायला लागला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कापणी झाली. ताडपत्रीवर झोडपून, मेसच्या लोखंडी खलबत्त्यात चार संध्याकाळी कांडून, ताटात पाखडून शेवटी हाती आला तो दीड किलो तांदूळ. निम्मा तुटलेला, लालसर, पण कसला वास! भानुदासनं ओंजळ नाकाशी नेली आणि मग स्वयंपाक्याचं शहाणपण शिकवलं. म्हणाला, हा असाच वर्षभर ठेवून दे, नवा तांदूळ गिच्च होतो. आमच्याकडं दुकानात जुनाच मागतात.

कदिरवेलला त्याची कीव आली. त्यानं आपल्या मोडक्या हिंदीत त्याला पोंगल समजावला. नवं मडकं, त्याच्या गळ्यात पानासकट हळदीचं रोप, उगवत्या सूर्यासमोर चूल. दुधात नव्या तांदळाचं धुवण घालायचं, ते उतू जाऊ द्यायचं, उतू गेलं की सगळ्यांनी ओरडायचं, आणि मग तांदूळ आत. पहिला घास सूर्याचा, कारण त्यानं पिकवलं. मग जमिनीचा. बैलांचा सण वेगळा, दुसऱ्या दिवशी, तुमच्या पोळ्यासारखा. माणसाचा नंबर शेवटी. तोवर नव्या धान्यातला एक दाणाही तोंडात टाकायचा नाही. आणि ह्यानं टाकला नव्हता. कांडताना कणी उडायची ती मेसमधले बाकीचे चाखून बघत होते, हा हात झटकून परत ताटात टाकायचा.

भानुदासला हे समजायला वेळ लागला नाही. त्याच्याकडे वेळ अमावस्या असते, येळवस म्हणतात. त्या दिवशी अख्खं गाव रानात. कडब्याची खोप करायची, शेंगा-भाज्या-डाळी सगळं एकत्र करून भज्जी शिजवायची, आंबिलीचं मडकं डोक्यावर न्यायचं आणि पिकावर शिंपडत शेताला फेरी मारायची. आधी रान जेवतं, मग माणसं. ह्या वर्षी त्यानं येळवशीला फोन केला तर भाऊ म्हणाला, कोण जातंय रानात, आंबील घरीच केली, पोरांनी गच्चीवर फोटो काढले. भानुदास त्या दिवशी जेवला नव्हता. त्यामुळे कदिरवेलचा पोंगल झालाच पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं.

आणि खरी गोष्ट पुढंच होती. कदिरवेलच्या घरी ह्या वर्षी नवं धान्य नव्हतंच. कापणीच्या तोंडावर आठ दिवस पाऊस लागला, उभं भात आडवं होऊन पाण्यात कुजलं. त्याची बायको तिलकवती दुकानातला तांदूळ आणून पोंगल करणार होती, आणि तिला ते मनातून लागलं होतं. तिनं फोनवर सांगितलं होतं की घरचं नवं धान्य म्हणजे ह्या वर्षी तुमच्याकडचंच, आधी तुमचं उतू जाऊ दे, मी चूल नंतर पेटवीन. पूर्वेला उतू गेलं तर येतं वर्ष पिकाचं, असं ते मानतात. ती त्या दीड किलोवर डोळे लावून बसली होती.

तर असा तो तांदूळ. आणि परेश सर म्हणतात बरणीत भर.

परेश सर माणूस वाईट नाही. डोंबिवलीचा, ह्या शेताचा मॅनेजर, खलिफा सिटीत घर, आठवड्यातून तीनदा शेतावर. त्यानं लोंब्यांचा फोटो काढून दुबईच्या ऑफिसात पाठवला, तिथं तो मार्केटिंगच्या उर्वी मॅडमना दिसला, आणि खलास. चार दिवसांत 'डेझर्ट हार्वेस्ट' नावाचा कार्यक्रम ठरला. चाळीस पाहुणे, बस, शामियाना, फोटोग्राफर. ऊस आला, केळीची पानं आली, हळदीचं एक रोप पंचवीस दिरहमला आलं. म्हणजे सहाशे रुपये, एका रोपाचे. भानुदासनं ते ऐकून कानांना हात लावला. सगळं आलं, फक्त ज्याच्यासाठी हे सगळं तो तांदूळ नको झाला. का, तर त्याची लॅब टेस्ट झालेली नाही. फूड सेफ्टी. पाहुण्यांच्या पोटात काही झालं तर?

भानुदासनं परेश सरांना समजावायचा प्रयत्न केला, अगदी आवाज खाली ठेवून. म्हणाला, पाहुण्यांना बासमतीचा करा, पाच किलोचा करा, पण त्या मडक्यात कदिरवेलचा मूठभर तरी जाऊ द्या. परेश सर म्हणाले, मिक्सिंग तर अजिबातच नाही. म्हणाला, मग त्याला मागच्या बाजूला वेगळी चूल मांडू द्या. परेश सर म्हणाले, उघड्या जाळाची परमिशन एकाच जागेची आहे, दहाच मिनिटांची. उतू गेलं की सेफ्टीवाला सिलिंडर बंद करून घेऊन जाणार, पुढचं शिजवणं आत मेसमध्ये. भानुदासचा आवाज मग चढलाच.

"सर, ज्यानं पिकवलं त्याचंच मडक्यात जाणार नसेल तर मग हा सण कशाचा? बासमतीच्या कंपनीचा?"

"भानू, यू आर राइट, पण माझ्या हातात नाही. तू प्लीज जेवणाचं बघ."

माझ्या हातात नाही! ह्या देशात पंधरा वर्षांत भानुदासनं हे वाक्य जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा त्यानं कांदा चिरला नसेल. कुणाच्याच हातात काही नसतं. परेश सरांच्या हातात नाही, उर्वी मॅडमच्या हातात नाही, त्यांच्यावरच्या साहेबाच्या हातात नाही. मग ही बरणी ओट्यावर आली तरी कुणाच्या हातानं? तो दुपारभर भांडी आपटत होता. भोगीची भाजी त्या दिवशी इतकी तिखट झाली की पंजाबी ड्रायव्हरसुद्धा पाणी पाणी करत उठला.

कदिरवेलला त्यानंच जाऊन सांगितलं. वाटलं, हा तरी भडकेल, दोघं मिळून ऑफिसवर जाऊ. पण कदिरवेलनं दोरीची गाठ मारली, पुढच्या वेलाकडे सरकला आणि म्हणाला, "छोडो भाई. कंपनी का जमीन, कंपनी का पानी." भानुदासला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्या असं वाटलं. बायको तिकडं चूल न पेटवता बसणार आहे आणि हा म्हणतो छोडो! पण दोरीची पुढची गाठ कदिरवेलला तीनदा सोडून बांधावी लागली, ते भानुदासनं पाहिलं. मग त्यानं ठरवलं.

संध्याकाळी पाच वाजता, रात्रीच्या जेवणाची कणीक मळून झाल्यावर, तो स्टोअरमध्ये गेला. बासमतीची पिशवी फोडली आणि मापून दीड किलो त्या काचेच्या बरणीत ओतला. लांबसडक, पांढराशुभ्र. झाकण लावलं, टेप मारली, फीत नीट केली. लेबलवर लिहिलं होतं की हा तांदूळ वाळवंटात पिकलेला आहे. भानुदासनं ते मोठ्यानं वाचलं आणि एकटाच फिस्सकन हसला. मग कदिरवेलचा तांदूळ, उद्या पाहुण्यांच्या हातून मडक्यात ओतायची जी मोठी पितळी वाटी होती, तिच्यात काढून वर फडकं बांधलं. कदिरवेलला बोलावून फडकं वर करून दाखवलं. कदिरवेल वाकून बघायला लागला. बरणीकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, आणि त्याला हसू आवरेना. तोंडावर हात दाबून तो स्टोअरच्या दारातच खाली बसला. सहा वर्षांत भानुदासनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"भाई, किसी ने पूछा तो?"

"कोई नहीं पूछता. इन लोग को चावल का शकल मालूम है क्या?"

तेव्हाच भानुदासनं त्याला सांगितलं की आमच्याकडंही रथसप्तमीला असंच असतं. त्याची आई अंगणात तुळशीपुढं गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवायची आणि सूर्याकडं तोंड करून ते उतू जाऊ द्यायची. कदिरवेल म्हणाला, मग तुला शिकवायला नको. भानुदास म्हणाला, मला काय शिकवतोस.

संक्रांतीची सकाळ. सूर्य सात वाजून गेल्यावर उगवणार होता. साडेसहालाच सगळी तयारी. शामियान्याच्या पुढं मोकळी जागा, तिथं शेगडी, तिच्यावर मडकं. हे मडकं भानुदासनं दोन दिवस पाण्यात भिजवून ठेवलं होतं, जाळावर तडकू नये म्हणून. गळ्यात हळदीचं रोप, बाजूला उसाचे तीन दांडे. सगळं इतकं मनासारखं की भानुदासला वाटलं, चला, बरणीचं सोडलं तर लोकांनी काम चोख केलंय.

आणि पाहुणेच नाहीत. बस शारजातच अडकलेली. अल कुसैसहून माणसं घेऊन निघालेली ती बस पाऊण तास एका सिग्नलपाशी उभी होती. सूर्य वर आला. लालचा पिवळा झाला. भानुदास म्हणाला, सर, उगवतीची वेळ आहे, पेटवू का? परेश सर म्हणाले, पाहुण्यांशिवाय कसं पेटवणार, इन्शाल्ला दहा मिनिटांत येतील. दहा मिनिटांची वीस झाली, विसांची पन्नास. कदिरवेल अंघोळ करून, आपली पांढरी वेष्टी लुंगीसारखी नेसून कधीचा तयार. त्याला उर्वी मॅडमनी ती बदलायला लावली, फोटोत पांढरं उठत नाही म्हणून. दिली कुठली तर चमचमती, जांभळी, वेल्क्रोची. वर फोन बाजूला ठेवायला सांगितलं, कारण शूट प्रोफेशनल होतं. मग त्याला उसापाशी उभं केलं, मडक्यापासून चांगलं पंधरा फूट लांब. मडक्यापाशी भानुदास, डोक्यावर हातभर उंच पांढरी टोपी. त्या टोपीत त्याला उकडत होतं आणि मनातल्या मनात तो ज्या शिव्या देत होता त्या औशाच्या बाजारातसुद्धा चारचौघांत कुणी देत नाही.

साडेआठला पाहुणे उतरले. आधी चहा, मग सेल्फी. उर्वी मॅडमनी माइक घेऊन सांगितलं की पोंगल हा एक टेस्टी राइस पुडिंगचा फेस्टिव्हल आहे. भानुदासनं कदिरवेलकडे पाहिलं. कदिरवेल ऊस धरून मडक्याकडं बघत होता, बाकी काही त्याच्या कानात शिरतच नसावं. एकदाची शेगडी पेटली. भानुदासनं मडक्यात दूध ओतलं आणि त्यात वाटीतल्या तांदळाचं दुसरं धुवण, कदिरवेलनं सांगितलं होतं तस्सं. वास सुटला. त्या वासानं कदिरवेलनं डोळे मिटून घेतले, ते भानुदासला लांबूनही दिसलं.

आता दूध तापायला वेळ लागतो. तेवढ्यात पाहुण्यांमधले जे मुख्य होते त्यांनी टेबलावरची बरणी उचलली. उन्हात धरून बघितली. म्हणाले, अमेझिंग, एवढा लांब दाणा आणि तोही वाळवंटात. लोक भोवती जमले. एका बाईंनी बरणीला गाल लावून फोटो काढला. परेश सरांनी पाण्याच्या क्षारांबद्दल आणि टाकीबद्दल काहीतरी सांगितलं. भानुदासला आतून गुदगुल्या व्हायला लागल्या. बघा, बघा लेकांनो, स्टोअरच्या बासमतीला नमस्कार घाला. सकाळपासूनच्या सगळ्या मनस्तापाचा सूड उगवल्यासारखं झालं. त्याची नजर बरणीवर, कान मात्र सवयीनं चुलीवर.

आणि कानाला तो आवाज आला. दूध काठाला येताना होतो तो, बारीक, सुस्स. पंधरा वर्षं पहाटे साडेतीनला चाळीस चाळीस लिटर दूध तापवणारा माणूस. दूध उतू गेलं तर बर्नर विझतो, चहाला उशीर होतो, माणसं उपाशी कामावर जातात, मॅनेजर बोंब मारतो. पंधरा वर्षांत भानुदासच्या चुलीवर दूध एकदाही उतू गेलं नव्हतं. ह्याचा त्याला अभिमान होता, कुणीही नवा माणूस मेसला आला की तो हे ऐकवायचा.

मान वळायच्या आधी हात गेला. बटण फिरलं. फेस मडक्याच्या काठापर्यंत आला होता, फुगून गोल झाला होता, तो क्षणभर तिथंच थांबला आणि भसकन खाली बसला.

त्याच वेळी उर्वी मॅडमना फेस वर दिसला होता, त्यांनी हात केला, आणि चाळीसच्या चाळीस माणसं त्यांना शिकवल्याप्रमाणे ओरडली, "पोंगलो पोंगल!" टाळ्या झाल्या. फोटोग्राफरला फोटो मिळाला. भानुदासनं परत बटण धरलं, फिरवलं, जाळ मोठा झाला, पण सेफ्टीवाला वाकून सिलिंडर बंद करतच होता. भानुदास म्हणाला, "रुको, एक मिनट." सेफ्टीवाला म्हणाला, "खलास भाई, टाइम हो गया." मुख्य पाहुण्यांनी वाटी मडक्यात रिकामी केली. दोघांनी मडकं उचललं आणि आत नेलं. झालं. पाच महिन्यांचं सगळं एवढ्यात झालं.

भानुदासनं उसाकडं बघायचं टाळलं. पण किती टाळणार? बघितलं. कदिरवेल तिथंच होता, ऊस धरून. ओरडायला उघडलेलं तोंड अजून तसंच होतं.

आत मेसमध्ये भानुदासनं मडक्याखाली मोठा बर्नर पूर्ण सोडला. वाटलं, आता जाईल, अजूनही जाईल. पण तांदळानं दूध पिऊन टाकलं होतं. खदखदलं, रटरटलं, काठापर्यंत काही आलं नाही. आणि आलं असतं तरी कुणापुढं? एक्झॉस्टच्या पंख्यापुढं? त्यानं गूळ घातला, तूप घातलं, वेलची घातली, आणि टोपी काढून भिंतीवर फेकली. राग कुणाचा करायचा तेच त्याला कळेना. परेश सरांचा करावा तर त्यांनी काय केलं? बरणी आणली. मॅडमनी काय केलं? वेष्टी बदलली. बस उशिरा आली. एवढं सगळं होऊनही तो तांदूळ मडक्यापर्यंत पोचला होता, त्यानंच पोचवला होता. आणि मग त्यानंच, ह्याच उजव्या हातानं! दोन दिवस ज्यांना तो मनात मूर्ख म्हणत होता त्यांच्यातल्या एकानंही जे केलं नाही ते रथसप्तमीचं दूध पाहिलेल्या माणसानं केलं.

पाहुण्यांनी कागदी कपांत दोन दोन चमचे खाल्लं. परेश सर आत येऊन म्हणाले की चव छान आहे, पण बासमती गिच्च केलास रे, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. बरणी मुख्य पाहुण्यांना भेट दिली. ते ती छातीशी धरून बसमध्ये चढले. शामियान्यातल्या कचऱ्याच्या पिशवीत अर्धे भरलेले कप पडले होते, ते बघून भानुदासनं पिशवीचं तोंड बांधून टाकलं.

एक वाडगा त्यानं आधीच बाजूला काढून ठेवला होता. तो घेऊन तो सहा नंबरच्या मागे गेला. पायात दगड बांधल्यासारखा चालत होता. काय बोलायचं ते जुळवत होता आणि काहीच जुळत नव्हतं.

कदिरवेल टाकीपाशी, भाताच्या खुंटांच्या कडेला बसला होता. पांढरी वेष्टी परत नेसलेली. हातात फोन, स्पीकरवर. सहा वर्षांच्या शेजारानं भानुदासला तमिळ बोलता येत नसलं तरी थोडंफार समजायला लागलं होतं. तिलकवती विचारत होती की एवढा उशीर का, मी आणि पोरगी सकाळपासून ओल्या केसांनी चुलीपुढं बसलोय, झालं का तुमचं?

कदिरवेलनं भानुदासकडं पाहिलं. मग फोनकडं.

"पोंगिडुच्चु," तो म्हणाला. उतू गेलं.

पलीकडून तिचा श्वास ऐकू आला. तिनं विचारलं, कुठल्या बाजूला?

"किळक्कु."

पूर्वेला. फोनमधून मुलीचा आवाज आला, मग दोघींचा मिळून, पोंगलो पोंगल, पोंगलो पोंगल. काडी ओढल्याचा आवाजही आला. भानुदास वाडगा धरून उभा. त्याला वाटत होतं की ह्यानं आता फोन ठेवावा आणि आपल्याला आईवरून शिवी घालावी. निदान हातातला वाडगा तरी उडवून लावावा. सहा वर्षांचा हक्क आहे त्याचा. पण कदिरवेलनं बायकोला सांगितलं की भाई आलाय, ज्यानं आपला तांदूळ मडक्यात घातला तो. आणि फोन भानुदासपुढं धरला.

तिलकवती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. ती अडखळत, सावकाश, जसं लांबच्या माणसाशी बोलावं तसं बोलली. अण्णा, तुमचे उपकार. नवरा आपल्याला बरं वाटावं म्हणून काहीही सांगतो हे बायकोला ठाऊक असतं, कुठल्याही मुलखात. तिनं भानुदासला विचारलं, अण्णा, तुम्ही चुलीपाशी होतात ना, तुम्ही पाहिलंत ना? खरंच पूर्वेला?

कदिरवेल खुंटांकडं बघत होता. त्यानं काही खुणावलं नाही, विनवलंही नाही.

भानुदासनं फोन तोंडाजवळ घेतला. कालपासून तो जगाला खोटं म्हणत होता, बरणी खोटी, लेबल खोटं, पाहुणे खोटे, पोंगल खोटा.

"किळक्कु, अम्मा," तो म्हणाला. "मैं उधरइच था. पूरा पूरब को गया."

ती रडली की हसली ते त्याला कळलं नाही. तिकडं दूध तापत आलं होतं, मुलगी आईला हाका मारत होती, आणि तिनं घाईघाईनं फोन ठेवला.

कदिरवेलनं वाडगा घेतला. एक घास चिमटीनं उचलून सूर्याकडं धरला. सूर्य आता डोक्यावर चढत होता, मान चांगलीच वर करावी लागली. दुसरा घास खुंटांजवळच्या चिखलात ठेवला. मग पाच महिन्यांत पहिल्यांदा स्वतःच्या तांदळाचा एक दाणा तोंडात टाकला, आणि चावत राहिला.

"अच्छा बना है, भाई," तो म्हणाला, आणि वाडगा भानुदासपुढं केला.

भानुदासनं घास तोंडात घातला, पण तो त्याला काही केल्या गिळता येईना.